पोटातला मुकादम

सारिका निकमच्या खानावळीत अर्धपोटी उठणं ही सोपी गोष्ट नव्हती. कराडच्या विद्यानगरातली इंजिनिअरिंगची पोरं नव्या पोरांना आधीच सांगून ठेवायची की काकूंच्या पंगतीत ‘पुरे’ हा शब्द चालत नाही. ताटावर आडवा हात धरला तर काकू हाताच्या बाजूनं भाकरी सरकवतात. कुणी नुसतीच आमटी ढवळत बसलं, की लांबून आवाज यायचा, “काय रं, पेपर अवघड गेला का घरची आठवण आली?” आणि दोन्हींपैकी एक काहीतरी हमखास असायचंच. चेहरा बघून भूक ओळखायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वीस-बावीस वर्षं माणसं जेवायला घातली की येत असेल.

आणि ही बाई स्वतः कधी जेवायची? सगळ्यांत शेवटी. शेवटचं ताट मोरीत पडलं, की ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, पातेल्यात जे उरलं असेल ते. नवरा होता तेव्हाही तसंच, तो गेल्यावरही तसंच. तिला कुणी कधी विचारलं नाही आणि तिलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पन्नाशीत मधुमेहानं तिचं पोट बंद पाडलं. बंद म्हणजे अगदी बंद. दोन घास खाल्ले की गळ्याशी यायचं, आणि सकाळचा भात संध्याकाळी जसाच्या तसा उलटून पडायचा. साठ पोरांना जेवू घालणारी बाई वासानंच मागं सरायला लागली. साडीच्या निऱ्या वाढत गेल्या, मनगटातल्या बांगड्या कोपराकडं चढायला लागल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता पोटाला बाहेरून भोक पाडून आतड्यात नळी घालायची आणि जन्मभर त्या नळीतून पांढरं पाणी सोडायचं.

“नळीनं जेवायचं?” सारिका म्हणाली. “त्यापरीस नगंच की मग जेवाय.”

ईश्वरी, तिची सून, त्या वेळी शेजारी उभी होती. ईश्वरी पुण्यात वाढलेली, घरात बसून कुठल्याशा कंपनीचं काम संगणकावर करायची. नवरा चाकणला नोकरीला, शनिवारी यायचा. सासू-सुनेचं भांडण कधी झालं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. “आई, तेल जरा कमी घाला ना,” असं ती लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, आणि ते सारिकाच्या मनात बारीक खड्यासारखं राहून गेलं होतं. पण त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर ईश्वरी रात्रभर शोधत बसली, आणि सकाळी तिनं पुण्याच्या एका रुग्णालयातल्या डॉ. यास्मिन मुजावर यांची वेळ घेऊन टाकली.

डॉ. मुजावर मूळच्या इकडच्याच, मिरजेच्या. बाई काटकुळी, बोलण्यात चटपटीत, आणि हातात कायम गार होत चाललेली कॉफी. त्यांनी कागदावर एक पोट काढलं.

“सारिकाताई, पोटाला स्वतःचा ताल असतो. पोटाच्या भिंतीत काही खास पेशी असतात, त्या मिनिटाला तीन वेळा विजेची एक बारीक लाट सोडतात. ती लाट वरून खाली जाते आणि तिच्या मागोमाग पोट अन्न घुसळतं. तुमच्या साखरेनं त्या पेशी मारल्यात. सैपाकघर आहे, सामान आहे, पण कामाला लागा असं सांगणारं कुणी नाही.”

“मुकादम पळून गेलाय म्हणा की,” सारिका म्हणाली. तिचं माहेर ऊसतोडीच्या गावचं.

डॉक्टर हसल्या. “अगदी बरोबर. आम्ही नवा मुकादम बसवणार.”

पोटाला वीज देणारी यंत्रं तशी जुनीच होती. पण ती बिचारी ठरावीक ठेक्यानं वीज सोडत बसायची. त्यानं मळमळ कमी व्हायची, पोट मात्र क्वचितच हलायचं. कारण पोटाला नुसता ठेका पुरत नाही, त्याला आधी निरोप लागतो. फोडणीचा वास, ताटाचा आवाज, वाढणाऱ्याची चाहूल, या सगळ्याची खबर मेंदू एका लांबलचक नसेतून खाली पाठवतो. तिला वेगस म्हणतात. मंगल कार्यालयात पाहुणे यायच्या आधी सतरंज्या पडाव्यात, तसं घास उतरायच्या आधीच पोट तयार होतं. डॉ. मुजावरांच्या यंत्राची करामत हीच होती. काडेपेटीएवढा डबा कातडीखाली, त्याच्या आठ बारीक तारा पोटाच्या भिंतीत आणि नववी तार त्या नसेवर कान लावून बसलेली. ते आधी नुसतं ऐकणार. या माणसाच्या नसेत जेवणाआधी काय काय घडतं, हे शिकणार. मग तशी खूण दिसली की आठ तारांतून एकापाठोपाठ एक लाट सोडणार. माणसाच्या हातून घडलेल्या गोष्टींत मान लवावी अशा फार थोड्या असतात. ही त्यातली एक होती.

“शिकायच्या काळात एकच पथ्य,” डॉक्टरांनी बजावलं. “थोडंसंच खा, पण नेहमीसारखं. तुमची रोजची रीत अजिबात बदलू नका.”

सारिकानं ती आज्ञा शिरसावंद्य मानली. टाके सुकल्यावर ती खानावळीत उभी राहिली. सगळ्यांना वाढलं, सगळे उठले, मग ओट्याला टेकून चार चमचे मऊ खिचडी. रोज, न चुकता, तसंच.

आणि मग डॉक्टरांनी दुरून यंत्र चालू केलं. त्या दुपारी शेवटचं ताट मोरीत पडलं आणि सारिका ओट्याशी गेली, तर पोटात काहीतरी गुरगुरलं. तिला आधी कळेचना. मग कळलं आणि तिला रडूच आलं. तिला भूक लागली होती! किती तरी महिन्यांनी, खरीखुरी, लहानपणी शेतावरून आल्यावर लागायची तशी. वाटीभर खिचडी गेली, मग अर्धी भाकरी दुधात कुस्करून गेली, आणि उलटली नाही.

“ईश्वरी! अगं ये हिकडं! मुकादम कामाला लागला!”

ईश्वरी जिना उतरून धावत आली आणि सासूच्या गळ्यात पडली. असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

पण यंत्र अजून प्रयोगातलं होतं. ते ठेवायचं की काढायचं हे रुग्णालयाची समिती ठरवणार होती, आणि समितीला घरचं सांगणं चालत नव्हतं, चाचणी लागत होती. सारिका पुण्याला गेली. एका पांढऱ्या खोलीत तिच्यापुढं उपमा ठेवला. त्यात एक निरुपद्रवी औषध मिसळलेलं, म्हणजे उपमा पोटात कुठं जातोय ते पडद्यावर दिसावं. समोर डॉ. मुजावर बसल्या. सकाळपासून दोन शस्त्रक्रिया उरकून त्या तशाच आल्या होत्या. सारिकानं उपमा खाल्ला आणि पडद्यावरच्या आठ रेषा आडव्याच्या आडव्या राहिल्या. उपमा होता तिथंच पडून राहिला आणि तासाभरानं उलटून पडला.

समितीचे प्रमुख डॉ. पेंढारकर शांतपणे म्हणाले, “एकदा आणखी बघू. नाहीतर काढायचं आणि नळी घालायची. निकामी यंत्र आत ठेवून जंतुसंसर्गाचा धोका पत्करता येणार नाही.” माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता.

खरी कमाल त्यानंतर झाली. घरी आल्यावर दोन-चार दिवसांतच घरचं पोटही थांबलं. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. सारिका ओट्याशी जाऊन उभी राहायची, वाट बघायची, आणि पोटात नुसती सामसूम. दोन घास बळंच खाल्ले की उलटी. तिनं वाढायचंही सोडलं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहायची, आणि ईश्वरी आपलं काम सांभाळून, स्वयंपाकाच्या बायकांना हाताशी धरून पोरांना वाढायची.

डॉ. मुजावरांना पुण्यात बसून काही उमजेना. यंत्र ठणठणीत होतं, तारा जागेवर होत्या. शेवटी त्या स्वतः यंत्राचा पडदा घेऊन कराडला आल्या. “तुम्ही उठा आणि रोजच्यासारखं वाढा,” त्या सारिकाला म्हणाल्या. “मी इथं बसून तुमची नस बघते.”

“बसा, पण आधी जेवा,” सारिका म्हणाली, आणि डॉक्टरांना पहिल्याच पंगतीला बसवलं. पिठलं, भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. डॉक्टर ‘पुरे’ म्हणाल्या आणि व्हायचं तेच झालं.

दुसरी पंगत बसली. डॉक्टर पडद्याकडं बघत होत्या, आणि बघता बघता पुढं सरकल्या. एक पोर ढेकर देऊन उठलं, तशी सारिकाच्या नसेतली रेषा किंचित वर आली. दुसरं उठलं, आणखी किंचित. पंगत रिकामी होत गेली, तसा मुकादम एकेक माणूस टिपत असल्यासारखी रेषा चढत होती. शेवटचा पोरगा ताट घेऊन उठला. आता आठ रेषा उसळणार, असं डॉक्टरांना वाटलं. पण रेषा तिथंच थबकली.

“सारिकाताई,” डॉक्टर हळूच म्हणाल्या, “कुणीतरी जेवायचं राहिलंय.”

“कोण न्हाई मॅडम. सगळी पोरं झाली, सैपाकाच्या बायका झाल्या.”

“मीसुद्धा जेवले,” ईश्वरी म्हणाली. “मघाशीच, वर.”

पडद्यावरची रेषा धपकन खाली आली.

डॉक्टरांनी पडद्याकडं बघितलं, मग ईश्वरीकडं. “पुन्हा एकदा सांगता?”

“जेवले म्हटलं ना,” ईश्वरी म्हणाली, आणि तिची नजर जमिनीकडं गेली.

सारिका वळली. सुनेचा चेहरा तिनं इतक्या दिवसांत नीट बघितलाच नव्हता. स्वतःच्या पोटाची धास्ती लागल्यावर माणसाला दुसरं सुचत नाही. आता बघितलं आणि तिच्या हातातला डाव खाली आला. पोरांची भूक चौकाच्या पलीकडून ओळखणारी बाई, आणि घरातल्या पोरीचे गाल आत गेलेले तिला दिसले नव्हते.

“तू जेवली न्हाईस,” ती म्हणाली. “आजची बात न्हाई ही. कवापासून?”

“पुण्याची चाचणी फसली त्या दिवसापासून. मी पालीच्या खंडोबाला नवस बोलले होते. तुम्हाला ताटभर जेवण पचेपर्यंत अन्न तोंडात घालणार नाही. दूध आणि केळी, बस. ताट वर न्यायचे आणि समोरच्या वॉचमनकाकांना द्यायचे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मोडायला लावला असता.”

“अगं पण तू तर संगणकवाली!”

“सगळं करून झालं होतं, आई. वाचून झालं, डॉक्टर झाले, यंत्र झालं. मला दुसरं काय येत होतं?”

सारिकानं तिला जवळ ओढलं आणि दोघी रडल्या. डॉ. मुजावर मात्र पडद्यावर जुन्या नोंदी मागं मागं सरकवत होत्या. बाईला मध्ये बोलवेना आणि गप्पही बसवेना.

“मीच सांगितलं होतं रीत बदलू नका म्हणून,” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि यंत्र इमानानं शिकलं. तुमच्या नसेत भुकेची खूण वासानं उमटत नाही, घड्याळानं नाही. आजूबाजूचं सगळं माणूस जेवलं, असं तुमच्या मनाला पटलं की उमटते. तोंडानं कुणी काहीही सांगो. चाचणीच्या दिवशी मी सकाळपासून उपाशी होते. तुम्हाला ते जाणवलं असणार. आणि या पोरीनं तुमचं पोट चालावं म्हणून उपास धरला, त्या उपासानंच ते बंद पडलं.”

“म्हणजे जगात कुणी ना कुणी उपाशी असणारच की,” ईश्वरी डोळे पुसत म्हणाली. “मग हे कधी चालायचं?”

“तसं न्हाई गं,” सारिका म्हणाली. “जेवढी डोळ्यांम्होरं, तेवढीच. न्हाईतर कुठली बाई जगली असती?”

डॉक्टरांनी मग दोन वाटा सांगितल्या. यंत्राचं शिकलेलं सगळं पुसायचं आणि सारिकानं काही आठवडे सगळ्यांच्या आधी जेवायचं. ते तसं शिकेल. मग कोण उपाशी आहे याच्याशी तिच्या पोटाचा काही संबंध उरणार नाही, आणि त्यासाठी समितीकडून मुदतही वाढवून मिळेल. दुसरी वाट म्हणजे आहे तसंच ठेवायचं. पण मग पुढच्या आठवड्यात समितीपुढं शेवटची चाचणी, आणि तिथं फसलं तर नळी. “पेंढारकर सरांना मी हे कळवीन, पण त्यांना पटणार नाही. खरं सांगू? मी तुमच्या जागी असते तर पुसलं असतं. तुमची भूक तुमची असायला हवी.”

सारिकाला नळीची भीती होती, फार होती. सगळ्यांच्या आधी, गरम गरम, निवांत बसून जेवायचं, हे तिनं आयुष्यात एकदाही केलं नव्हतं, आणि ते कसं लागत असेल असंही तिला वाटून गेलं.

“पोरगी उपाशी हाय हे मला कळलं न्हाई,” ती म्हणाली. “त्याला कळलं. त्याला घालवून मी काय करू? ऱ्हाऊ द्या. पण एक बदल करू. मी काय आता मागनं जेवायची न्हाई. हिच्या संगट बसून जेवीन. शिकू दे त्याला तेबी.”

“आणि नवस?” ईश्वरीनं विचारलं.

“सासूनं मोडला म्हणून सांग देवाला. काय म्हणायचं ते मला म्हणंल.”

तिनं दोन पाट मांडले, दोन ताटं घेतली आणि पहिला घास ईश्वरीच्या तोंडात घातला. ईश्वरीनं तो चावला, गिळला, आणि पडद्यावरच्या आठ रेषा वरून खाली एकापाठोपाठ एक उठल्या. डॉ. मुजावरांनी आजवर पाहिलेल्या पोटांत इतकं देखणं पोट नव्हतं, असं त्या पुढं कित्येकदा सांगायच्या.

पुढच्या आठवड्यात पुण्याची ती पांढरी खोली पुन्हा भरली. समितीचे तिघं, एक तंत्रज्ञ, डॉ. मुजावर आणि ईश्वरी. सारिकाच्या पायाशी एक मोठी पिशवी होती.

“बाहेरचं अन्न इथं चालणार नाही,” डॉ. पेंढारकर म्हणाले. ते साठीच्या पुढचे, कडक इस्त्रीचा शर्ट, पण कॉलरच्या खाली मानेजवळ सैल पडलेला. “आणि मुजावर, तुमचं टिपण वाचलं मी. यंत्राला माया कळते, असं मी समितीत लिहू शकत नाही. चाचणी करा.”

सारिकानं उपमा खाल्ला. सगळे पडद्याकडं बघत राहिले. नसेची रेषा जराशी चढली आणि थबकली. आठ तारा निजलेल्याच. वेळ जात होता. ईश्वरीनं सासूचा हात धरला.

“कुणीतरी जेवायचं राहिलंय,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “मी जेवून आलेय.” तंत्रज्ञही म्हणाला, समितीचे दोघंही म्हणाले. आणि पेंढारकर किंचित हसून म्हणाले, “मी घरून नाश्ता करूनच निघतो. झालं समाधान?”

रेषा धपकन खाली आली. ती सगळ्यांनी बघितली, पेंढारकरांनीसुद्धा.

एवढ्या मोठ्या माणसाला खोटं कोण पाडणार? सारिकानं मात्र त्यांच्याकडं बघितलं, तसं ती पंगतीत आमटी ढवळत बसणाऱ्या पोराकडं बघायची.

“साहेब,” ती म्हणाली, “घरात करणारं कोण हाय?”

पेंढारकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “नाही कुणी,” ते म्हणाले. “ती गेल्यापासून... सकाळी चूल पेटवायचा कंटाळा येतो. चहा घेतो मी.”

“आणि दुपारचं?”

समितीच्या प्रमुखांनी स्वतःच वाकून ती पिशवी उचलली आणि टेबलावर ठेवली. “चाचणीचाच भाग समजा हा,” ते तंत्रज्ञाला म्हणाले.

सारिकानं डबा उघडला. कागदाच्या थाळीत ज्वारीची भाकरी, चटणी आणि वर दह्याचा चमचा. पेंढारकरांनी पहिला तुकडा मोडला. खूप दिवसांनी कुणी वाढलेलं खाणारा माणूस जसा खाली मान घालून खातो, तसे ते खात होते. अर्धी भाकरी झाली आणि पडद्यावर पहिली रेषा उठली. मग दुसरी, तिसरी, एकामागून एक आठही. उपमा हलला आणि शहाण्यासारखा खाली चालू लागला. डॉ. मुजावरांनी तोंडावर हात धरला. ईश्वरी खुर्चीतून उठलीच.

“सर, बघा! बघा तरी!” तंत्रज्ञ ओरडला.

पेंढारकरांनी मान वर केली नाही. “दिसतंय मला,” ते थाळीकडंच बघत म्हणाले. “यंत्र राहू दे. नळीचा कागद फाडून टाका.”

सारिकानं दुसरी भाकरी हातात घेतली.

“नको, पुरे आता,” म्हणत त्यांनी थाळीवर आडवा हात धरला, आणि सारिकानं हाताच्या बाजूनं भाकरी सरकवली.